जुंपून बघणे : जुनी डिझेल पिकअप पारखण्याच्या विद्येची प्रस्तावना

बैल घ्यायला आलेला शेतकरी आधी त्याचे तोंड उघडतो. दोनदाती, चौसा, सहादाती, जुळलेला, अशा एकेका शब्दात जनावराचे वय सांगून होते. मग तो खूर बघतो, खांदा चाचपतो, दहा पावले चालवून बघतो. भाव रुमालाखाली बोटांनी ठरतो. तरीही जाणता माणूस तेवढ्यावर पैसे मोजत नाही. तो म्हणतो, ‘जुंपून दाखवा.’ भरली गाडी ओढताना बैल कोणत्या अंगाला झुकतो, चढ आला की जोर लावतो की थबकतो, हे दातांवरून कळत नाही.

आज पुष्कळ घरांत बैलजोडीच्या जागी पिकअप उभी आहे, आणि ती बऱ्याचदा जुनी, कोणीतरी आधी चालवलेली असते. ती घेताना मात्र जुंपून बघण्याची रीत मागे राहिली. यार्डाच्या फाटकापासून हमरस्त्यापर्यंत एक रिकामी चक्कर, एजंटचे चार शब्द, नव्या रंगाची चमक, आणि काही लाखांचा व्यवहार तासाभरात उरकतो. बैल पारखायची भाषा आपल्या आजोबांनी कित्येक पिढ्यांत घडवली होती. गाडी पारखायची भाषाही घडते आहे, पण ती गॅरेजमध्ये, आरटीओच्या आवारात आणि बाजार समितीच्या रांगेत तुकड्यातुकड्याने विखुरलेली आहे. तिला एकत्र आणणाऱ्या विद्येला मी गाडीपारख म्हणतो. तिच्या उंबरठ्यावर आलेल्या प्रत्येकाचे इथे मनापासून स्वागत आहे. दूधवाला असो, रोपवाटिकेचा मालक असो, मंडपवाला असो, की आठवडाभर कारखान्यात कामाला जाऊन सुटीच्या दिवशी शेतमाल वाहणारा तरुण असो. इथे यायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. सकाळी लवकर उठायची, वाकून चेसिसखाली बघायची आणि वहीत लिहून ठेवायची तयारी असली की पुरे.

आधी या गाड्यांच्या कुळाविषयी. मराठीत छोट्या मालवाहू गाडीला सरसकट टेम्पो म्हणतात. हे मूळचे एका जर्मन गाडीचे नाव. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पोने त्या गाडीच्या धर्तीवर तीनचाकी वाहने काढली. पुढे कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले, शब्द मात्र आपल्याकडे कायमचा राहिला. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतल्या. त्याच घराण्याच्या परंपरेत २००० साली बोलेरो आली आणि नाशिकच्या कारखान्याशी तिचे नाव जोडले गेले. टाटांची ४०७ ही १९८६ची, टाटामोबाइल १९८८ची. २००५ साली आलेल्या टाटा एसला लोकांनी छोटा हत्ती हे नाव दिले. तिचे पहिले इंजिन दोन सिलिंडरचे, ७०२ सीसीचे होते. २०११ साली अशोक लेलँडची दोस्त आली. या यादीतली पिकअप म्हणजे शिडीसारखी चेसिस, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), पुढे केबिन आणि उघडा हौदा. जुन्या गाड्यांच्या बाजारात आपली गाठ बहुतेक याच मंडळींशी पडते.

गाडी पारखणे हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो का, अशी शंका कोणाला येईल. अर्थशास्त्राने याचे उत्तर केव्हाच दिले आहे. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. विकणाऱ्याला आपली गाडी आतून-बाहेरून ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा चांगल्या-वाईट सगळ्याच गाड्यांना मधला भाव सांगतो. ज्याने गाडी जिवापाड सांभाळली त्याला तो भाव परवडत नाही, तो विकायलाच येत नाही. बाजारात हळूहळू वाईट गाड्यांचीच गर्दी होते. या विचारासाठी अकरलॉफना २००१ साली, आणखी दोघांसह, नोबेल मिळाले. मला यातून एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पारख शिकणे हा केवळ स्वतःची फसवणूक टाळायचा मार्ग नव्हे. वेळच्या वेळी ऑइल बदलणाऱ्या, क्षमतेपेक्षा जास्त माल न भरणाऱ्या मालकाला त्याच्या निगराणीचे मोल मिळवून द्यायचे असेल, तर समोर ते ओळखणारे गिऱ्हाईक हवे. चांगली पारख सगळ्या बाजारालाच प्रामाणिक करते.

आता या विद्येचा पहिला धडा. तो गाडीजवळ जायच्या आधीचा आहे. स्वतःचा आठवडा कागदावर लिहा.

समजा, ओझरजवळच्या गावातला एक तरुण सातपूरच्या एमआयडीसीत कामाला जातो. जाऊन-येऊन ५० किलोमीटर, आठवड्याचे सहा दिवस, हौदा रिकामा. घरी टोमॅटो आहे. हंगामात दिवसाआड पिंपळगाव बसवंतच्या बाजारात माल न्यायचा, त्या फेरीचे जाऊन-येऊन २५ किलोमीटर. आठवड्याचे झाले ३७५ किलोमीटर. त्यातले भरल्या हौद्याचे जेमतेम ४०. आता वजन मांडू. २० किलो टोमॅटो आणि क्रेटचे स्वतःचे दोनेक किलो, म्हणजे एक क्रेट २२ किलोचा. १.३ टन क्षमतेच्या पिकअपमध्ये नियमाने ५९ क्रेट बसतात. शंभर रचले की २,२०० किलो झाले, म्हणजे क्षमतेच्या जवळपास पावणेदोन पट. या तरुणाचे एका फेरीला ४० क्रेट निघत असतील, तर त्याला लागणारे वजन ९०० किलोच्या आत आहे. शेजाऱ्याने १.७ टनाची घेतली म्हणून त्यानेही तीच घ्यायचे कारण उरत नाही. घरची माणसेही सोबत न्यायची असतील तर मागे आसन असलेली कॅम्पर त्याला सोयीची पडेल. आणि माल वर्षातून दोनच महिने निघत असेल, तर रोजच्यासाठी मोटारसायकल आणि मालासाठी भाड्याची पिकअप हा हिशेबही मांडून बघायला हवा. तो हिशेब मांडल्यावर गाडी घेऊच नये असे निघाले, तरी गाडीपारख सार्थकीच लागली.

ओझे वाहणे आणि रोज कामावर जाणे या दोन कामांची ओढ एकमेकांच्या विरुद्ध दिशांना असते, हे इथे समजून घ्यायला हवे. मागचे पाटे टनभर वजनाच्या बेताने बांधलेले असतात. हौदा रिकामा असला की ते दबत नाहीत, गाडी उडते, पाठ धरते. मागच्या चाकांवर वजन नसल्याने पावसात जोरात ब्रेक लागला तर मागची बाजू सरकते. मालवाहू गाडीला ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक असतो. पिवळ्या पाटीच्या गाडीला कर, विमा आणि पासिंग यांचे वेगळे नियम लागतात. हौद्यात माणसे बसवणे तर कायद्याला आणि जिवालाही मान्य नाही, मग ते लग्नाचे वऱ्हाड असो की रोजंदारीवरचे मजूर. म्हणून ज्याच्या आठवड्यात रिकामी धाव जास्त, त्याने लहान क्षमतेची, पाटे मूळचे असलेली, ब्रेक आणि टायर उत्तम असलेली गाडी शोधावी. ज्याचा आठवडा ओझ्याचा, त्याने क्लच, गिअरबॉक्स आणि मागचे हाउसिंग आधी बघावे.

डिझेलच का, याचेही उत्तर आठवड्यातच सापडते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे आपले इंजिन यशस्वी करून दाखवले. त्यात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. असे इंजिन कमी फेऱ्यांवरही जोर देते. महिंद्राच्या २,५२३ सीसीच्या कॉमन रेल इंजिनाचा सुमारे २०० न्यूटन-मीटरचा जोर साधारण १,४०० फेऱ्यांपासूनच मिळू लागतो. भरली गाडी इंजिन फार न रेटता चढ चढते ती यामुळे. पण सगळे अवलंबून आहे त्या दाबावर. रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह नीट बसेनासे झाले, की दाब पडतो. मग सकाळी इंजिन लवकर पकडत नाही, दम जातो, धूर वाढतो. डिझेल गाडीची तब्येत म्हणजे बहुतांशी तिचा दाब.

बाजारात आज या गाड्यांच्या तीन पिढ्या शेजारी शेजारी उभ्या दिसतात. पहिली यांत्रिक पंपाची. तिचा पंप आणि नोझल तालुक्याच्या गावातला मिस्त्री खोलून बांधू शकतो. धूर जास्त, आवाज जास्त, पण दुरुस्ती घराजवळ. दुसरी कॉमन रेलची. १ एप्रिल २०१७पासून देशभर बीएस-४ हे धुराचे निकष सक्तीचे झाले आणि सर्वोच्च न्यायालयाने बीएस-३ गाड्यांची नवी विक्री थांबवली. तोवर ही पद्धत पिकअपमध्ये रुळत आली होती. डिझेल फार मोठ्या दाबाखाली एका नळीत साठते आणि इंजेक्टर ते संगणकाच्या हुकमाने मोजून सोडतात. ॲव्हरेज सुधारते, आवाज कमी होतो. मात्र भेसळीचे किंवा पाणी मिसळलेले डिझेल या इंजेक्टरांना सहन होत नाही, आणि सगळे एकदम गेले तर खर्च डोळे पांढरे करणारा असतो. अशी गाडी घेताना इंजेक्टरमधून परत येणारे डिझेल मोजून घ्यावे आणि स्कॅनर लावून बघावा. तिसरी पिढी १ एप्रिल २०२०नंतरची, बीएस-६. तिच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ असते. साचलेली काजळी जाळायला धूर साधारण ५५० ते ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. आपल्या ओझरच्या तरुणाला ही गाडी चालेल, कारण तो हमरस्त्यावर एका दमात २५ किलोमीटर जातो. शहरात दिवसभर दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या प्लंबरची मात्र जाळी सतत तुंबेल. त्याने सीएनजीचा विचार करावा. कोणतीही पिढी मुळात चांगली किंवा वाईट नसते. ती कोणाच्या आठवड्यात बसते, एवढाच प्रश्न असतो.

आता प्रत्यक्ष गाडीकडे वळू. ही विद्या मला ज्यांच्याकडून मिळाली त्या मिस्त्रींबरोबर मी एकदा हिवाळ्यात सकाळी सात वाजता नाशिकजवळच्या एका यार्डात गेलो होतो. गाडी धुऊन-पुसून तयार होती. रंग नवा, सीटकव्हर नवे. मिस्त्रींनी कोणाशी काही न बोलता आधी बॉनेटवर पालथा तळहात ठेवला. पत्रा कोमट होता. ते वळून एवढेच म्हणाले, ‘उद्या येतो. रात्रभर गार राहू द्या.’ दुसऱ्या दिवशी गार इंजिनाने पकड घ्यायला तीन वेळा सेल्फ मारायला लावला, आणि नंतर कितीतरी वेळ पांढरा धूर सोडला. पाच मिनिटांत आम्ही बाहेर पडलो. तळहाताचे ते एक टेकणे कोणत्याही यंत्राच्या तोडीचे होते.

धुराचे रंग प्रत्येकाने पाठ करावेत. गार इंजिनावर क्षणभर पांढरा धूर चालतो. टिकून राहिला तर डिझेल पुरते जळत नाही, म्हणजे दाब किंवा नोझल यांत दोष आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा येत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी : तुंबलेला फिल्टर, खराब इंजेक्टर किंवा दमलेला टर्बो. मग इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण सैल करावे. थोडी वाफ येणे वेगळे आणि झाकण उडवू बघणारे फुत्कार वेगळे. फुत्कार असतील तर रिंगांपलीकडून दाब खाली गळतो आहे.

गाडीने काय काय वाहिले, हेही गाडीच सांगते. मासळी वाहिलेल्या हौद्याच्या सांध्यांत खाऱ्या पाण्याने पत्रा पापुद्र्यांनी सुटतो. कोंबड्या वाहणाऱ्या गाडीच्या फळीखाली विष्ठेने पत्रा खाल्लेला असतो. वाळूच्या गाडीत कोपऱ्याकोपऱ्यांत बारीक कच सापडते आणि पाटे थकलेले असतात. मूळच्या पाट्यांत जास्तीचा पाटा घातलेला दिसला, तर मालकाने नेहमी क्षमतेबाहेर भरले असे धरून चालावे. केबिनच्या मागे, हौदा सुरू होतो तिथे, चेसिसवर वेल्डिंगची रेघ किंवा तेवढ्याच भागावर ताजा काळा रंग असेल तर हात आवरावा. मीटर ६० हजार दाखवत असेल आणि क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर रबरावर विश्वास ठेवावा.

एवढे बघून झाल्यावर या विद्येचा गाभा येतो, गाडी जुंपून बघणे. मालकाशी आधी बोलून, डिझेल आणि हमाली आपल्या खिशातून देऊन, हौद्यात क्षमतेच्या आतले ओझे भरावे. पन्नास किलोच्या वीस गोण्या म्हणजे एक टन. मग जवळचा चढ गाठावा. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या पण गाडी वाढली नाही, तर क्लच प्लेट संपली आहे. चढावर तापमानाचा काटा सरकतो का, ते बघावे. उतारावर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते का, गिअर सुटून न्यूट्रलला येतो का, मागच्या हाउसिंगमधून रडल्यासारखा आवाज येतो का, हे सगळे रिकाम्या चकरेत लपते आणि भरल्या चकरेत उघड होते. परत आल्यावर गरम इंजिन मंद चालू ठेवून ऑइलचा दिवा लुकलुकतो का, ते बघावे. गोण्या उतरवताना शेजारी उभे राहावे. धड पाटे एकेका गोणीबरोबर वर येतात आणि शेवटी दोन्ही बाजू सारख्या उंचीवर थांबतात.

कागद हेही गाडीचे अंगच. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ मिळतो का, हे पैसे देण्याआधी बघावे. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ची एनओसी. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांसाठी मिळते, त्यानंतर दरवर्षी करावे लागते. हा खर्च किमतीत धरावा. एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालगाडीला मोटार वाहन कायद्याने परवान्यातून सूट आहे. लायसनबद्दलचा जुना घोळही मिटला आहे. ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये कायम केले. विकणाऱ्यानेही सावध राहावे. गाडी हातची गेली पण नोंदीवर आपलेच नाव राहिले, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असा त्याच न्यायालयाचा २०१८चा निकाल आहे. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी देणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात आपले घर देणे आहे.

या विद्येत अजून पुष्कळ काम बाकी आहे. कोकणातली गाडी आणि मराठवाड्यातली गाडी वेगळ्या तऱ्हेने जुनी होते. एकीला मीठ खाते, दुसरीला धूळ. या फरकाच्या नोंदी मिस्त्रींच्या डोक्यात आहेत, कागदावर नाहीत. गॅरेजमधले शब्द कोणीतरी गोळा करायला हवेत. प्रत्येक वाचकाने आपण बघितलेल्या गाड्यांची एक वही ठेवावी : वर्ष, पिढी, आधीचे ओझे, गार सुरुवात, भरली चक्कर, मागितलेला भाव. दहा गाड्यांच्या नोंदी झाल्या की डोळा तयार होऊ लागतो.

त्या कोमट बॉनेटनंतर दोन आठवड्यांनी आम्ही एका वस्तीवर दुसरी पिकअप बघितली. रंग उडालेला, हौद्याला पोचे, पण पाटे मूळचे, आणि ऑइल बदलल्याच्या तारखा केबिनच्या दारावर खडूने लिहिलेल्या. मालकाने स्वतःच विचारले, ‘किती गोण्या भरू?’ चढावरून परत आल्यावर मिस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली, पाट्यांवरून हात फिरवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘याच्याशी घासाघीस करू नका.’ मागितला तो भाव दिला. मालकाने किल्ली देण्याआधी दारावरच्या तारखा मला एकेक करून वाचून दाखवल्या.